बलाढ्याच्या शेजारीं

इ. स. २०२३ चा अधिक श्रावण नुकताच संपला होता. कॅनडाच्या उत्तरेस वणवा पेटून यलोनाइफ शहर रिकामें करण्याची आज्ञा झाल्याचें ऐकतांच आमच्या वहिनींचा जीव उडाला. त्यांचा मुलगा टोरोंटोस असतो. मीं त्यास लिहिलें, "तेथील वर्तमानपत्रांतील हकीकत फेसबुकावरून धाड." उत्तर आलें, "काका, मी वणव्यापासून पुष्कळ दूर आहें, काळजी नसावी. परंतु येथें फेसबुकावर वर्तमानपत्राची बातमी धाडतांच येत नाहीं!"

त्याचें कारण असें. बातम्यांबद्दल वृत्तपत्रांस मोबदला मिळावा, म्हणून त्या देशानें जूनमध्यें कायदा केला. गूगलनें पुढें वर्षास १० कोटी डॉलर देण्याचें मान्य केलें. फेसबुकाची मालक मेटा हिनें मात्र ऑगस्टारंभीं बातम्यांचें दारच लाविलें. वणव्यांतही तें उघडलें नाहीं.

दुसरा प्रसंग कराचा. अशा मोठ्या कंपन्यांच्या तेथील उत्पन्नावर शेंकडा ३ कर बसविला होता. पहिला भरणा ३० जून २०२५ रोजीं व्हावयाचा. २७ तारखेस अमेरिकेचे अध्यक्ष ट्रंप यांनीं व्यापाराचीं बोलणीं तोडलीं. २९ च्या रात्रीं कॅनडानें कर सोडल्याचें जाहीर केलें. बोलणीं पुन्हां जुळलीं, आणि ऑक्टोबरांत ओंटारिओ प्रांताच्या एका जाहिरातीवरून पुन्हां तुटलीं! आपणांस हंसण्याचें कारण नाहीं. परदेशी कंपन्यांच्या जाहिरातींवरील शेंकडा ६ कर आपणही एप्रिल २०२५ पासून उठविला.

कौटिल्यानें दुर्बळ राजासाठीं स्वतंत्र अधिकरण लिहिलें आहे. वेतासारखें लवावें, हें भारद्वाजांचें मत. लढावें, हें विशालाक्षांचें. कौटिल्यास दोन्ही अमान्य. सदा लवणारा कळपांतून चुकलेल्या एडक्यासारखा जगतो. अल्पबळानें लढणारा नावेवांचून समुद्रांत शिरतो. दुर्बळानें शत्रूहून श्रेष्ठ राजाचा आश्रय करावा, नाहीं तर अभेद्य दुर्ग गांठावा. अमेरिकेहून श्रेष्ठ राजा आज कोठला? अनेक लहान राष्ट्रांनीं एकजुटीनें कर बसविला, तरच तसा आश्रय निर्माण होईल. राहिला दुर्ग, तो मात्र प्रजेच्या संवयींनीं बांधावयाचा असतो.

पुतण्या आतां वर्गणी भरून वर्तमानपत्राचें स्वतःचें पान उघडतो. दुर्ग लहान खरा. परंतु किल्ली त्याच्यापाशीं आहे. आणि मीं, जन्मभर मुलांस अर्थशास्त्र सांगणाऱ्यानें, त्या दिवशीं वर्तमानपत्राची हकीकत फेसबुकाच्याच दारीं मागितली होती!