सुटलेल्या पाण्यावरची सफर

आमच्या निमगाव सावा परिसरात पाणी नुसते येत नाही, ते ‘सुटते’. आवर्तन कधी सुटणार, किती दिवस चालणार, शेवटच्या शेतापर्यंत पोहोचणार का, हे प्रश्न इथे रोजचेच. जुन्नर तालुक्याचा पश्चिम भाग डोंगराचा आणि धो-धो पावसाचा; आम्ही पूर्वेकडचे, पर्जन्यछायेतले. येडगाव, माणिकडोह, वडज, डिंभे आणि पिंपळगाव जोगे ही कुकडी प्रकल्पाची पाच धरणे पश्चिमेचा पाऊस साठवतात. ते पाणी मग कालव्यांनी पार श्रीगोंदा, कर्जत, करमाळ्यापर्यंत वाटले जाते. पाण्याची वाट पाहण्यातच आमच्या पिढ्या गेल्या.

म्हणून पुण्यात शिकणाऱ्या आमच्या आपाने डिसेंबरच्या सुट्टीत कोलाडला राफ्टिंगला जायचे काढले, तेव्हा चाचांनी पहिला प्रश्न तोच विचारला, “डिसेंबरात नदीला एवढं पाणी कुठनं येणार?”

आपा म्हणाली, “सुटतं, चाचा. सकाळी सुटतं.”

या उत्तराने चाचांचे कुतूहल असे जागे झाले, की सफरीचा बेत पक्का झाला. दादी, अब्बा-अम्मी, चाचा-चाची आणि आम्ही चार भावंडे, असे नऊ जण निघालो.

आपल्या नदीची दरी

राफ्टिंग म्हणजे हवा भरलेल्या जाड रबरी होडीतून, वल्ही मारत, खळाळत्या पाण्यावरून जाणे. परदेशातली चित्रे पाहून वाटते की त्याला उंच कडे आणि खोल दऱ्याच हव्यात. तशी दरी आमच्या कुकडीलाही आहे. शिरूर तालुक्यातले टाकळी हाजी आणि पारनेर तालुक्यातले निघोज यांच्यामध्ये कुकडीने काळ्या बेसाल्ट खडकात खोल घळ कोरली आहे. पुराच्या पाण्याबरोबर आलेले दगडगोटे एकेका खाचेत अडकून गरगर फिरत राहिले आणि त्यांनी खडकाला रांजणासारखे खळगे पाडले. हे रांजणखळगे पाहायला लांबून लोक येतात. आजूबाजूला कोरडे माळ आणि मध्ये ही काळी दरी, असा तो देखावा आहे.

पण तिथे होडी घालता येत नाही. पाणी कमी असते तेव्हा दगडच दगड, आणि जास्त असते तेव्हा त्याच रांजणांत जीवघेणे भोवरे. अब्बा आम्हाला लहानपणी तिथे घेऊन जायचे, तेव्हा हात घट्ट धरून काठापासून चार पावले मागे उभे करायचे. पाण्याची पहिली ओळख आम्हाला अशी झाली.

मुळशीच्या काठाने

फजरची नमाज आटोपून गाडी काढली, तेव्हा अजून अंधार होता. दोन्ही बाजूंना ऊस, आणि आमच्याकडे उसात बिबट्या असणे ही काही नवलाची गोष्ट नाही. त्यामुळे नारायणगावचा हमरस्ता लागेपर्यंत दादीचे दुआ पढणे चालू होते. चाकण, पुणे, पिरंगुट, पौड मागे टाकत दुपारी मुळशी धरणाच्या जलाशयाकाठी पोहोचलो. वुजू करून सफरातली कसर नमाज अदा केली, डबे उघडले आणि खिमा-चपाती खात त्या अथांग पाण्याकडे बघत बसलो.

हे पाणी मुळा आणि निळा या नद्यांचे. सोडले असते तर ते पुण्याकडे, पुढे भीमेला गेले असते, म्हणजे आमच्याच कुकडीचे पाणी घोड नदीतून जिथे जाते तिथे. पण टाटांच्या वीज प्रकल्पाने ते सह्याद्रीच्या पोटातून पश्चिमेला वळवले. कड्यावरून सुमारे पाचशे मीटर खाली, कोकणातल्या भिरा इथे, ते जनित्रे फिरवते. 1927 पासून तिथे वीज तयार होते.

त्या विजेची किंमत मावळातल्या पन्नासच्या आसपास गावांनी मोजली. भातखाचरे, घरे, कबरी, देवळे असे सारे पाण्याखाली जाणार होते. 16 एप्रिल 1921 रोजी तिथे सत्याग्रह सुरू झाला. त्याचे नेतृत्व करणारे पांडुरंग महादेव बापट हे आमच्या शेजारच्या पारनेरचे. याच लढ्याने त्यांना ‘सेनापती’ ही ओळख दिली आणि लांब तुरुंगवासही. शेतकरी बाया-बापड्या धरणाच्या कामावर जाऊन बसल्या, तुरुंगात गेल्या. धरण तरीही झाले. धरणग्रस्तांच्या लढ्याची आपल्या देशातली ही अगदी सुरुवातीची कहाणी आहे.

दादीने सगळे ऐकून घेतले आणि एवढेच म्हणाली, “म्हणजे उद्या पोरं खेळणार ते पाणी कुणाच्या तरी घरावरनं आलेलं. बिस्मिल्ला म्हणून उतरा.”

ताम्हिणी घाट उतरून, विळे आणि सुतारवाडीमार्गे संध्याकाळी कोलाडला मुक्काम केला.

नदीचे वेळापत्रक

कुंडलिका नदी इथून रोह्याकडे आणि पुढे रेवदंड्याला समुद्राला मिळते. पावसाळा सोडला तर तिचा जोर भिऱ्याहून येणाऱ्या पाण्यावर आहे. वीज तयार करून बाहेर पडलेले पाणी बंधाऱ्यात साठवून सकाळी सोडतात. ते पाणी आले की राफ्ट निघतात. ते ओसरायच्या आत प्रवास संपवायचा असतो. ज्या दिवशी पाणी सुटत नाही, त्या दिवशी राफ्टिंग नाही. आवर्तनाची सवय असलेल्या चाचांना हे ऐकून जणू आपल्याच गावी आल्यासारखे वाटले.

काठावर आधी चौकशी झाली. कुणाला दमा, हृदयविकार, रक्तदाब, नुकतेच झालेले ऑपरेशन? अब्बांनी रक्तदाबाच्या गोळ्या चालू असल्याचे सांगितले आणि काठावर राहायचे ठरवले. धाकटा अकरा वर्षांचा. चौदा वर्षांखालच्या मुलांना नेत नाही, असे गाईडने सरळ सांगितले. धाकट्याने रडून पाहिले, चाचांनी “जरा बघा ना, दादा” म्हणून पाहिले. गाईड हसला, पण बधला नाही. “जॅकेट त्याच्या मापाचं बसत नाही, काका. ढिल्या जॅकेटातनं पोर खाली निसटतं.” यावर कुणी काही बोलले नाही. धाकटा दादीबरोबर राहिला.

आमच्या घरच्या बायकांना कपड्यांची काळजी होती. ती निघण्यापूर्वीच फोनवर विचारून मिटवली होती. पाण्यात घोळदार बुरखा किंवा लांब ओढणी नको. ती भिजून जड होते आणि दगडात, वल्ह्यात अडकते. अम्मी, चाची आणि आपाने पूर्ण बाह्यांचे गुडघ्यापर्यंतचे कुर्ते, खाली ट्रॅक पँट आणि डोक्याला पिनेशिवाय घट्ट बसणारी टोपीसारखी हिजाब घातली. वर हेल्मेट आणि लाइफ जॅकेट. पडदाही राहिला आणि सुरक्षितताही. वाचक भगिनींनी हे जरूर लक्षात ठेवावे, कारण केवळ या एका काळजीपोटी अनेक घरांतल्या मुली काठावर बसून राहतात.

मग अर्धा तास शिकवणी झाली. वल्ह्याच्या टोकाची मूठ एका हाताच्या तळव्याने कायम झाकून ठेवायची, नाहीतर ती शेजाऱ्याच्या दातांवर बसते. ‘फॉरवर्ड’ म्हटले की सगळ्यांनी पुढे, ‘बॅक’ म्हटले की उलटे, ‘स्टॉप’ म्हटले की हात थांबवायचे, ‘गेट डाउन’ म्हटले की होडीच्या तळाशी बसायचे. पाण्यात पडलात तर उभे राहायचा प्रयत्न करायचा नाही. वाहत्या पाण्यात पाय दगडांच्या फटीत अडकतो आणि प्रवाह माणसाला खाली दाबतो. उताणे व्हायचे, पाय वर आणि प्रवाहाच्या दिशेने ठेवायचे, तोंड वर ठेवून श्वास घ्यायचा, आणि फेकलेला दोर छातीशी धरायचा.

गाईडने प्रत्येकाच्या जॅकेटचे पट्टे स्वतः ओढून पाहिले. अम्मी म्हणाली, “इतकं आवळलंय, आता अल्लाहवर भरोसा.” अब्बा काठावरून म्हणाले, “उंट आधी बांधायचा, मग तवक्कुल. त्यांनी बांधला, आता तू कर.”

लाटांवर

सुमारे बारा किलोमीटरचा हा प्रवास दीड-दोन तासांचा. खळाळांची प्रतवारी एकपासून सहापर्यंत करतात. कुंडलिकेचे दोन-तीनच्या घरातले. म्हणजे नवख्यांना झेपणारे, पण गंमत करण्याजोगे नव्हेत. पहिल्या लाटेने समोरून तोंडावर असे पाणी मारले की आपाची किंकाळी आणि चाचांचे “या अल्लाह” एकदमच निघाले. होडीचे नाक वर गेले, खाली आपटले, बाजूला वळले. मागे बसलेला गाईड एका वल्ह्याने तिला सरळ करत होता. पुढे लहान कयाकमध्ये बसलेला त्यांचा दुसरा माणूस प्रत्येक खळाळाखाली आधी जाऊन थांबत होता. कुणी पडलेच तर पकडायला.

दुसऱ्या-तिसऱ्या खळाळानंतर एक गोष्ट कळली. सहा जणांनी वेगवेगळे जोर लावले की होडी गोल फिरते. सगळ्यांची वल्ही एकदम पडली की ती लाट कापत जाते. घरात कधी एका विषयावर एकमत न होणारे चाचा-चाची तिथे मात्र बरोबर तालात वल्ही मारत होते.

खळाळ संपले की नदी एकदम शांत होते. दोन्ही काठांना झाडी, एखादा खंड्या, दूरवर डोंगर. अशा एका डोहात गाईड म्हणाला, “ज्यांना उतरायचंय त्यांनी उतरा.” चाचींनी उभ्या आयुष्यात विहिरीत पाय घातलेला नव्हता. लहानपणी त्यांच्या माहेरी एक मूल विहिरीत गेले होते, तेव्हापासून पाण्याची धास्ती. होडीची दोरी धरून त्या हळूच पाण्यात उतरल्या, शिकवल्याप्रमाणे उताण्या झाल्या आणि जॅकेटने त्यांना अलगद वर धरले. पाच मिनिटे त्या आभाळाकडे बघत तशाच तरंगत राहिल्या. वर आल्यावर म्हणाल्या, “पाणी धरून ठेवतं, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं.”

प्रवास संपला तिथून हेच पाणी पुढे डोलवहाळ बंधाऱ्याकडे जाते आणि कालव्यांनी शेतांत शिरते. एकाच पाण्याने आधी वीज दिली, मग आम्हाला खेळवले आणि आता ते भाताला निघाले होते.

दूरदेशीचे साम्य

जगातली सर्वांत नावाजलेली अशी सफर अमेरिकेत, ॲरिझोनाच्या वाळवंटी मुलखातल्या ग्रँड कॅनियनमध्ये होते. कोलोरॅडो नदीने कोरलेली ही दरी सुमारे 446 किलोमीटर लांब आणि काही ठिकाणी दीड किलोमीटरहून खोल आहे. 1869 मध्ये जॉन वेस्ली पॉवेल हे युद्धात एक हात गमावलेले गृहस्थ नऊ साथीदार आणि चार लाकडी होड्या घेऊन या नदीतून निघाले, तेव्हा पुढच्या वळणावर काय आहे हे त्यांना ठाऊक नव्हते. आज तिथे मार्गदर्शकांबरोबर कुटुंबेच्या कुटुंबे जातात. पण 1960च्या दशकात वरच्या अंगाला ग्लेन कॅनियन धरण झाले, एक आख्खी सुंदर दरी पाण्याखाली गेली, आणि आता तिथल्या लाटाही धरणातून किती पाणी सुटते यावर ठरतात. सात राज्ये आणि मेक्सिको यांच्यात वाटता वाटता ती महानदी बहुधा समुद्रापर्यंत पोहोचतच नाही.

म्हणजे अमेरिकेचे वाळवंट असो, कोकण असो की आमचे कुकडीचे खोरे, नदी आता मोकळी राहिलेली नाही. ती कुणीतरी सोडते तेव्हा वाहते. मग तिच्याकडे जाणाऱ्याने दोन गोष्टी जाणून घेतल्याच पाहिजेत: पाणी कधी सुटते, आणि ते कुणाच्या वाट्याचे आहे. पहिलीने जीव वाचतो, दुसरीने माणुसकी. वाहत्या नदीकाठी वुजू करतानाही पाणी वाया घालवू नये, ही आपल्या रसूलची (स.) शिकवण आहे. पाणी ही अमानत आहे, हे आवर्तनाची वाट पाहणाऱ्याला वेगळे सांगावे लागत नाही.

घरी आणलेले सामान

कोलाडहून आम्ही काजू आणले, कोकम आणले, आणि आणखी एक गोष्ट आणली. आपल्या भागात गावोगावी शेततळी झाली आहेत. त्यांच्या प्लॅस्टिकच्या अस्तरावर ओला पाय ठरत नाही. पोहता येणाऱ्यालाही वर चढता येत नाही. कालव्याला पाणी सुटले की काल कोरड्या असलेल्या पात्रात आज प्रवाह असतो. उन्हाळ्याच्या सुट्टीत अशा ठिकाणी पोरे बुडाल्याच्या बातम्या आपण दरवर्षी वाचतो, आणि अनेकदा एकाला वाचवायला उडी मारणारा दुसराही जातो.

परतल्यावर त्याच आठवड्यात चाचांनी आमच्या शेततळ्याच्या चारही बाजूंना गाठी मारलेले जाड दोर काठावरच्या खुंटांना बांधून आत सोडले. दोन रिकामे, झाकण घट्ट लावलेले तेलाचे कॅन लांब दोरीला बांधून ठेवले. कुणी पडले तर उडी मारायची नाही, आधी कॅन फेकायचा आणि ओरडून माणसे बोलवायची, हे घरातल्या आणि वस्तीवरच्या सगळ्या मुलांकडून पाठ करून घेतले. ती शिकवणी घेण्याचे काम धाकट्याकडे आहे. चौदा वर्षांचा होईपर्यंत त्याला अजून तीन वर्षे आहेत. तोवर तो पोहायला शिकतो आहे. चाचीसुद्धा शिकायचे म्हणतात, इन्शाअल्लाह, येत्या उन्हाळ्यात.