विमान लेट आहे

धावडा हे आमचे गाव. भोकरदन तालुक्यात, अजिंठ्याच्या डोंगराजवळ. इथे विमान दिसते ते आभाळात, बोटाएवढे. तरी आमच्या मोहल्ल्यात विमानाचा विषय निघाला नाही असा महिना जात नाही. कुणाचा भाऊ दुबईत, कुणाचा जावई कतारला, कुणाची अम्मी हजला निघालेली. फोनवर ‘फ्लाईट लेट है’ एवढेच ऐकू आले की घरातले सगळे कंपनीच्या नावाने बोटे मोडू लागतात. घ्यायला आलेली जीप उभी, जेवण थंड, मुले पेंगुळलेली. वैताग खराच. पण उशीर कशासाठी झाला, हे मात्र कुणी विचारत नाही.

विमान म्हटले की आमच्याकडच्या जुन्या माणसांना 26 एप्रिल 1993 आठवतो. औरंगाबादच्या, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरच्या, चिकलठाणा विमानतळावरून इंडियन एअरलाइन्सचे बोइंग दुपारी एकच्या सुमारास मुंबईला निघाले. दिल्लीहून जयपूर, उदयपूर करत आलेले, आत 118 माणसे. धावपट्टीच्या टोकापलीकडे बीडचा रस्ता, आणि त्या रस्त्यावर नेमका त्याच वेळी कापसाच्या गाठींनी भरलेला ट्रक. विमानाचे डावीकडचे चाक ट्रकला धडकले. पुढे विजेच्या तारांना अडकून विमान कोसळले. 55 माणसे गेली, 63 वाचली.

आमच्याकडे अजूनही सांगतात की ट्रकवाल्याने विमान पाडले. बिचारा ट्रकवाला! चौकशीत दोन कारणे पुढे आली. एक, वैमानिकांनी विमानाचे नाक उचलायला उशीर केला. दोन, उड्डाणाच्या वेळी बीड रस्त्यावरची वाहतूक थांबवायला हवी होती, ती विमानतळाच्या यंत्रणेने थांबवली नाही. एप्रिलच्या दुपारी हवा तापून विरळ झालेली असते, भरलेल्या विमानाला उचलायला जास्त धाव लागते. त्या वेगात एका सेकंदात सत्तरेक मीटर जमीन मागे पडते. म्हणजे एकीकडे काही सेकंदांची चूक आणि दुसरीकडे रस्ता अडवण्याचे साधे काम. रेल्वेचे फाटक लावणारा माणूस जे रोज करतो, तेवढेच.

तिथे ढिलाई होती. घाईची गोष्ट दुसरी आहे, आणि ती आम्हाला जास्त छळते. 7 ऑगस्ट 2020. कोरोनाचे दिवस. दुबईत अडकलेल्या माणसांना घेऊन एअर इंडिया एक्सप्रेसचे विमान केरळात कोझिकोडला आले. नोकरी गेलेले, बायका-मुलांसह परतणारे, आमच्या घरांतल्यासारखेच लोक. विमान चालवणारे कॅप्टन दीपक साठे आपले मराठी माणूस. हवाई दलातून निवृत्त, नवी विमाने तपासून पाहण्याचे अवघड काम केलेले. बाहेर धो धो पाऊस, धावपट्टी डोंगरमाथ्यावर. पहिल्या प्रयत्नात कॅप्टनच्या बाजूचा वायपर बंद पडला, तेव्हा त्यांनी विमान पुन्हा वर नेले. दुसऱ्यांदा विरुद्ध बाजूने उतरले, तर वारा पाठीमागून. सुमारे 2700 मीटरच्या धावपट्टीवर जवळजवळ निम्मी संपल्यावर चाके टेकली. विमान टोकावरून खाली घसरले आणि तुटले. 190 पैकी 21 जण गेले, दोन्ही वैमानिक त्यांत.

त्या आठवड्यात सगळ्यांनी साठेसाहेबांना वीर म्हटले. पुढच्या वर्षी चौकशीचा अहवाल आला, तेव्हा फारसे कुणी वाचले नाही. नियम पाळले गेले नाहीत, सहवैमानिकाने ‘पुन्हा वर घ्या’ म्हटले तरी विमान थांबवण्याचाच प्रयत्न झाला, असे त्यात आहे. आणि आणखी एक गोष्ट आहे. दुसऱ्या दिवशी सकाळचे दोहाचे विमान त्यांनाच न्यायचे होते. रात्री दुसऱ्या शहरात उतरले असते, तर कामाच्या तासांची मर्यादा ओलांडली असती आणि सकाळचे उड्डाण अडले असते. त्या ठिकाणी पुरेसे कॅप्टन कंपनीने ठेवलेच नव्हते.

आम्हाला हे वाचून राग आला नाही, वाईट वाटले. हा माणूस आळशी नव्हता, लोभीही नव्हता. सकाळच्या प्रवाशांची अडचण होऊ नये, एवढाच विचार त्याच्या मनात असेल. जबाबदार माणसालाच घाई अशी पकडते. बेफिकीर माणूस खुशाल दुसरीकडे उतरला असता!

म्हणून तर विमानात नियम लिहून ठेवलेले असतात. 1935 साली अमेरिकेत बोइंगचे एक नवे मोठे विमान उडताच पडले. चालवणारे कसलेले होते, पण शेपटीकडचे लॉक काढायचे राहून गेले. त्यानंतर कामांची यादी हातात घेऊन एकाने वाचायची आणि दुसऱ्याने करायची, ही रीत पडली. अनुभवी माणसाला यादी वाचणे कमीपणाचे वाटते. आमच्या मशिदीतले बुजुर्ग पोरांना सांगतात, जमात उभी राहिली तरी धावत येऊ नका, शांतपणे चालत या, जेवढी नमाज मिळेल तेवढी पढा, राहिलेली नंतर पुरी करा. विमानवाल्यांचे म्हणणे वेगळे काय आहे?

वैमानिकांच्या विश्रांतीचे नवे नियम सरकारने 2024 मध्ये काढले. आठवड्याची सलग विश्रांती 36 तासांवरून 48 तास, रात्रीची उतरणी सहावरून दोन. अंमल 2025 मध्ये टप्प्याटप्प्याने आला. डिसेंबरात देशातल्या सर्वांत मोठ्या कंपनीकडे माणसेच पुरेनात, हजारो उड्डाणे रद्द झाली, विमानतळांवर बॅगांचे ढीग लागले. मग काही नियमांना तात्पुरती सूट मिळाली. म्हणजे कंपनीने तयारी केली नाही, आणि सैल झाला तो नियम. आम्हाला हे मुळीच पटले नाही.

आणि विमानाचे कशाला सांगावे? आमच्या भागात हिरवी मिरची पिकते. दिवसा तोडायची, संध्याकाळी पोती भरायची, रात्री ट्रक निघायचा. पहाटेच्या बाजाराला गाडी पोहोचली तर भाव, नाहीतर माल सुकला. ड्रायव्हरने दिवसाला आठ तासच गाडी चालवावी, असा कायदा 1961 पासून आहे. व्यापारी मात्र लवकर पोहोचणाऱ्याला वर पन्नास-शंभर देतो, आणि तो पैसा कशाचा असतो हे दोघांनाही ठाऊक असते. आमच्या मोहल्ल्यातले एक ड्रायव्हर चाचा झोप आली की गाडी ढाब्यावर लावतात, क्लीनरला सांगतात, तासाभराने उठव. त्यांची गाडी उशिरा पोहोचते, भाड्यातून पैसे कापले जातात. गेल्या हंगामात दोन व्यापाऱ्यांनी त्यांना माल देणे बंद केले. चाची कुरकुरते. चाचा ऐकून घेतात, आणि पुढच्या फेरीला पुन्हा त्याच ढाब्यावर थांबतात.