हाताची घडी

सेवा या शब्दाबद्दल आमच्या वऱ्हाडात काही पक्क्या समजुती आहेत. माणूस आजारी पडला की त्यानं पडून राहायचं आणि बाकीच्यांनी त्याच्याभोवती उभं राहायचं, ही पहिली. त्याला भरवायचं, पाजायचं, त्याचं नाकसुद्धा आपणच पुसायचं आणि भेटायला आलेल्यांना 'कूस बदलायचीही ताकद राहिली नाही हो' असं तो ऐकत असताना सांगायचं, ही दुसरी. हे सगळं जो जास्त करील तो जास्त मायाळू. या हिशेबानं अख्ख्या नांदगाव खंडेश्वरात आमच्या आत्याबाईचा पहिला नंबर. बाबांना लकवा झाल्याचं कळताच ती पापळहून जी आली, ती थेट चमचा हातात घेऊनच. (पापळ हे पंजाबराव देशमुखांचं जन्मगाव. आत्याबाई हे कुठल्याही बोलण्यात तिसऱ्या वाक्याला सांगते, म्हणून मीही सांगून टाकलं.)

बाबा जिल्हा परिषद शाळेतले निवृत्त गुरुजी. उजवी बाजू गेली. दवाखान्यातून घरी पाठवताना डॉक्टरांनी औषधांच्या यादीखाली 'प्रशिक्षित मदतनीस ठेवावी' अशी एक ओळ लिहिली होती. ती मदतनीस म्हणजे अमरावतीहून रोज एसटीनं येणारी पंचविशीची एक मुलगी. तिच्या प्रमाणपत्रावर 'जनरल ड्युटी असिस्टंट' असं लिहिलेलं. मी बँकेत क्लार्क. माझ्या कामाचंही खरं वर्णन हेच आहे, फक्त मला ते कुणी छापून दिलेलं नाही.

पहिल्याच दिवशी तिनं आत्याबाईच्या हातातला चमचा काढून बाबांच्या डाव्या हातात दिला. अर्धं वरण ताटात, पाव सदऱ्यावर, पाव पोटात, असा ताळेबंद निघाला.

"काहून वं, तुले भरवता येत नाही काय? मंग पैसे कायचे घेतं?" आत्याबाई कडाडली.

"न भरवायचेच घेते जी," ती म्हणाली.

मला ते ताबडतोब पटलं. न वापरलेल्या यंत्रावरही घसारा लावावा लागतो, हे मी बी.कॉम.ला शिकलो होतो. न वापरलेल्या सांध्यावर तो सर्वांत चढ्या दरानं लागतो, हे तिनं शिकवलं.

तिच्या शास्त्राचे नियम आमच्या बँकेच्या परिपत्रकांइतकेच बारीक, पण त्यांना अर्थ होता. दर दोन तासांनी कूस बदलायची, नाहीतर पाठीला जखमा होतात. लुळ्या हाताचा प्रत्येक सांधा हळूहळू, पूर्ण फिरेल तेवढा फिरवायचा आणि दुखलं की थांबायचं. लुळा हात धरून माणसाला कधीच उठवायचं नाही, खांदा निखळतो. जेवताना ताठ बसवायचं, हनुवटी किंचित खाली, घास तोंडाच्या चांगल्या बाजूला. लघवीलाही ठरावीक वेळानं न्यायचं, म्हणजे शरीराला पुन्हा शिस्त लागते. गुरुजींना हे वेळापत्रक फार आवडलं. त्यांनी ते भिंतीवर चिकटवून घेतलं. मधल्या सुट्टीची जागा तेवढी मोकळी आहे, अशी तक्रारही केली.

सदरा घालायचा तर आधी आजारी हात, काढायचा तर आधी चांगला. हे वाचायला सोपं आहे. पहिल्या दिवशी एका बटणाला अकरा मिनिटं लागली. मी घड्याळ लावून पाहिली, कारण मला बँकेत जायचं होतं. बटण काजाच्या तोंडाशी यायचं आणि सटकायचं. आत्याबाईचे हात शिवशिवत होते, माझेही. आणि ही मुलगी हाताची घडी घालून शेजारी उभी! बाबा घामेघूम झाले, पण बटण लागलं. मग तिच्याकडे पाहून तुटक तुटक म्हणाले, "जलमभर पोरायले हाताची घडी घालाले लावली. आपल्या मनानं घालणारी तूच पहिली."

दवाखान्यातून आल्यानंतरचं ते त्यांचं पहिलं लांब वाक्य.

आत्याबाईला मात्र हा आळस वाटे. तिला मी तपोवनाची गोष्ट सांगितली. अमरावतीला दाजीसाहेब पटवर्धनांनी १९४६ साली कुष्ठरुग्णांसाठी तपोवन उभं केलं आणि ज्या हातांना लोक भीक घालत, त्यांना काम दिलं. वर्ध्याकडे सेवाग्रामला गांधीजी परचुरे शास्त्र्यांच्या अंगाला स्वतः मालिश करीत. आखडू लागलेल्या बोटांचं दुखणं निराळं असलं तरी औषध तेच, त्यांना हलतं ठेवायचं. आत्याबाईनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मालिश करत ना? मंग? घडी थोडीच घालत!" ताई (आम्ही आता तिला ताईच म्हणू लागलो होतो) गालात हसली.

अमेरिकेत १९८७ च्या कायद्यानं वृद्धाश्रमातल्या अशा मदतनिसांना निदान ७५ तासांचं शिक्षण सक्तीचं केलं. मला बँकेत चिकटवलं तेव्हा पंच्याहत्तर मिनिटांत काउंटरवर बसवलं होतं. गिऱ्हाईक दगावत नाही, म्हणून चालतं.

महिन्याभरात बाबा चालू लागले. कमरेला रुंद पट्टा, काठी डाव्या हातात, ताई लुळ्या बाजूला अर्धं पाऊल मागे. पट्टा धरलेला, पण ओढत नाही. खंडेश्वराच्या देवळाकडे जाणारे लोक थांबून पाहात. त्यातले अर्धे बाबांचे विद्यार्थी, त्यामुळे चालण्याची परीक्षा भर चौकात होई.

खरी अडचण निघाली ती पेन्शनची. उजव्या हाताला सही येईना. आमच्याकडे नियम आहे: आजारी खातेदाराचा अंगठा चालतो, ओळखीचे दोन साक्षीदार हवेत. हाताचा जमत नसेल तर पायाचाही चालतो. मी हे घरी अगदी व्यावसायिक सौजन्यानं समजावून सांगितलं. बाबांनी काठी आपटली. २ ऑक्टोबर १९७८ ला देशभर प्रौढ शिक्षणाचा कार्यक्रम सुरू झाला, तेव्हा रात्री कंदिलाच्या उजेडात त्यांनी कितीतरी अंगठेबहाद्दरांना सही शिकवली होती. एकेका म्हाताऱ्याचा हात धरून 'र' काढायला आठ आठ दिवस. "त्यायच्या पोरायपुढं मी आंगठा लावू? तो बी पायाचा?"

त्या रात्री ते जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी ताईनं पेन्सिलीला जुन्या टॉवेलची पट्टी गुंडाळून ती मक्याच्या कणसाएवढी जाड केली आणि त्यांच्या उजव्या मुठीत दिली. पहिलीच्या मुलासारख्या उभ्या रेघा, आडव्या रेघा, मग गोल. तीन वह्या संपल्या. ताई समोर बसून राही, हाताची घडी. आता आत्याबाईही घालू लागली होती, अर्थात पदराआडून.

नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यायला बाबा पायी बँकेत आले. सही केली. नात्यातला मामला म्हणून मी फॉर्म शेजारच्या सहकाऱ्याकडे सरकवला. त्यानं नमुना पाहिला आणि खालमानेनं म्हणाला, "गुरुजी, जुळून नाही राह्यली जी."

"नवा नमुना घे," बाबा म्हणाले.

नमुन्याला तीन सह्या लागतात. त्यांना पंचवीस मिनिटं लागली. मागची रांग दारापर्यंत गेली, पण एकानंही चकार शब्द काढला नाही. तिसरी सही सर्वांत चांगली उतरली, म्हणून बाबांनी पहिली खोडून पुन्हा काढायला सुरुवात केली. फॉर्मवर खाडाखोड चालत नाही, असं सहकाऱ्यानं भीत भीत सांगितलं.

बाबांनी दुसरा फॉर्म मागितला.