कपाळाला लावलेली चिलीम

गावच्या महादेवाच्या पारावर महाशिवरात्रीला एक गोसावी येऊन बसायचा. चिलीम भरून झाली की डोक्याचं फडकं सोडायचा, चिलीम कपाळाला टेकवायचा आणि मगच निखारा ठेवायचा. आजी माझा दंड धरून पुढे ओढायची. "गांजेकस मेला!" तो शब्द मला आजीकडून मिळाला. कित्येक वर्षं त्यात शिवीपलीकडे काही नव्हतं.

पुण्यात हॉस्टेलवर बॉब मार्लेची कॅसेट आली, तेव्हाही मला ते नशेचंच गाणं वाटलं. पण त्यातली गिटार सोडवेना. ठोक्यावर न पडता दोन ठोक्यांमधल्या रिकाम्या जागेत पडणारी.

मग कळलं, मार्लेच्या जमैकातही गांजाला गांजाच म्हणतात. मे १८४५मध्ये हिंदुस्थानी गिरमिटियांचं पहिलं जहाज तिथे लागलं. उसाच्या मळ्यांत राबायला गेलेल्या त्या माणसांबरोबर हा शब्द गेला, ओढण्याची रीतही गेली. मार्लेचा पंथ रास्ताफारी. इथिओपियाचा सम्राट हायले सेलासी याला देव मानणाऱ्या या पंथाचा आद्य प्रचारक लेनर्ड हॉवेल. त्याने आपल्या पुस्तिकेवर नाव घातलं गंगुनगुरू मराघ. मी ते मोठ्याने म्हणून पाहिलं. मराघ. महाराज! अंगावर काटा आला.

हॉवेलने १९४०मध्ये डोंगरावर पिनॅकल ही वस्ती उभारली. तिथे गांजा पिके. १९५४मध्ये पोलिसांनी ती मोडून टाकली. गांजाबंदीचा कायदा १९१३पासूनच होता, आणि रास्तांच्या जटा ओळखायला सोप्या. मार्लेचा जुना साथीदार पीटर टॉश याचं 'लीगलाइज इट' (कायदेशीर करा) १९७६मध्ये अल्बमवर आलं. दोन वर्षांनी पोलिसांनी त्याला मरणाच्या दारापर्यंत मारलं. हे वाचल्यावर ते गाणं मला पुन्हा कधी मौजेचं वाटलं नाही. रास्तांना धर्माचरणासाठी गांजाची मोकळीक मिळायला २०१५ उजाडलं. तोवर टॉशला जाऊन जवळजवळ अठ्ठावीस वर्षं झाली होती.

टी-शर्टांवरच्या हिरव्या पानाचा मला आता राग येतो. सगळेच रास्ता ओढत नाहीत. जे ओढतात, त्यांच्या बैठकीत धुराइतकंच बोलण्याला मोल असतं: बायबल, आफ्रिका, गुलामी, रात्र रात्र. बैठकीला ते 'रीझनिंग' म्हणतात. न्याबिंगी या त्यांच्या धार्मिक मेळ्यात मधला ढोल छातीच्या ठोक्यासारखा वाजत राहतो.

चिलीम पेटवण्याआधी रास्ता डोक्यावरची टोपी काढतो, प्रार्थना म्हणतो. ते वाचलं त्या रात्री मला पारावर सुटलेलं ते फडकं दिसलं, आणि दंडावर आजीची बोटं.