करंजाला ताण

उन्हाळ्यात झाडाला रोज पाणी घालणं हे पुण्याचं काम, असं मी निम्मं आयुष्य मानत आले. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवायचे तेव्हा मुलांकडूनही तेच करून घ्यायचे. शाळा सुटली की बाटलीत उरलेलं पाणी रोपाच्या बुडाशी. आता माझं मत बदललं आहे. कोवळ्या रोपाला पहिलं वर्षभर पाणी लागतंच. पण आमच्या सोलापूर भागात, जिथे वर्षाचा सरासरी पाऊस साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास, तिथे सावलीचं झाड टिकवायचं तर त्याचं पाणी बेताबेताने तोडत न्यावं. आणि झाड लावावं ते करंजाचं.

यातलं काहीच मला आधी पटत नव्हतं. करंज तर डोळ्यांसमोर नको व्हायचा. पानांवर फोड, बारीक गाठी, पांढरट चट्टे. असलं रोगट झाड दारात कशाला, म्हणून शाळेच्या आवारात आम्ही गुलमोहर लावत राहिलो. तो झपाट्याने वाढतो, वैशाखात लालभडक फुलतो. पण हा मूळचा मादागास्करचा. आमच्याकडे ऊन तापायला लागतं, मुलं डबे घेऊन झाडाखाली बसायला जातात, तेव्हा तो पानं गाळून उभा असतो. वळवाच्या वाऱ्यात त्याच्या फांद्या मोडतात त्या वेगळ्याच.

करंजाचं वेळापत्रक आपल्या उन्हाशी जुळलेलं आहे. फाल्गुनाच्या आगेमागे तो जुनी पानं टाकतो, थोडेच दिवस उघडा राहतो आणि पाडव्याच्या सुमारास तुकतुकीत पोपटी पालवीने भरून जातो. पारा चाळिशी ओलांडतो तेव्हा त्याची सावली सर्वांत दाट असते. मग जांभळट पांढरी फुलं येतात, मधमाश्यांची नुसती गर्दी उडते आणि खाली फुलांचा सडा पडतो. शेजारच्या कर्नाटकात त्याला होंगे म्हणतात. द. रा. बेंद्रे घरी मराठी बोलणारे, लिहिलं कन्नडमध्ये, आणि काही वर्षं सोलापूरच्या महाविद्यालयात शिकवायला होते. त्यांच्या युगादीवरच्या प्रसिद्ध कवितेत होंगेच्या फुलांवर गुणगुणणारे भुंगे आहेत. पाडवा आणि करंजाचा बहर यांचा मेळ त्यांनी अचूक टिपला, असं मला दर चैत्रात वाटतं.

पाण्याबद्दलचं मत बदललं ते आमच्या आण्णांमुळे, म्हणजे सासऱ्यांमुळे. एकाच वेळी रुजवलेल्या रोपांपैकी एक मी मोरीच्या पाण्यावर लावलं, दुसरं त्यांनी फाटकाजवळच्या मुरमात. मोरीजवळचं भराभर वाढलं. मी म्हणायचे, "आण्णा, तुमच्या झाडालाही रोज कळशीभर घालते." ते म्हणायचे, "नको गं पोरी. वरच प्यायला मिळालं तर त्यो खाली कशाला जाईल?" पुढे एका टंचाईच्या साली बोअर आटलं आणि मोरी कोरडी पडली. माझ्या झाडाने मान टाकली. बुडाची माती उकरली, तर बारीक पांढरी मुळं सगळी वीतभर खोलीतच जाळं करून बसलेली. फाटकाजवळचं झाड उंचीने कमी, पण एक पान सुकलं नव्हतं.

डाळिंबाला बहार धरण्याआधी ताण देतात, हे आमच्याकडे शाळकरी पोरालाही ठाऊक असतं. सावलीच्या झाडाला मात्र कुणी ताण देत नाही. ताणाचा हेतू इथे वेगळा, मुळं खाली पाठवायची. पहिल्या उन्हाळ्यात आठवड्यातून एकदा, पण आळं भरून पाणी द्यावं. रोज तांब्याभर देऊ नये. दुसऱ्या वर्षी पंधरा दिवसांनी द्यावं आणि आळं खोडापासून लांब सरकवत न्यावं. तिसऱ्या उन्हाळ्यात पान मलूल दिसलं तरच. आळ्यात तुरीचं भुसकट किंवा उसाचं पाचट अंथरावं, खोडाला मात्र चिकटू देऊ नये. खालच्या फांद्या छाटायची घाई करू नये. पहिली दोन-तीन वर्षं त्याच कोवळ्या खोडावर ऊन पडू देत नाहीत.

पिशवीतलं रोप आणलं तर तळाशी गोल फिरलेलं मूळ छाटून मगच लावावं. त्याहून बरं म्हणजे जागेवरच बी टोकावं, म्हणजे सोटमूळ पहिल्या दिवसापासून सरळ उतरतं. करंजाची शेंग आपोआप उकलत नाही, ठेचून फोडावी लागते. आत तांबूस तपकिरी, चपटं बी निघतं, क्वचित दोन. ते त्याच वर्षीचं हवं. जुनं झालं की उगवण घटत जाते.

राहिले पानांवरचे फोड. ते डोळ्यांना न दिसणाऱ्या कोळ्यांमुळे येतात, आणि चट्टे पान पोखरणाऱ्या अळ्यांमुळे. मी फवारणी करायला निघाले होते. करंजाचं तेल आणि पेंड आपण किडीवर वापरतो, म्हणून त्याच्याच पानावर कीड म्हटल्यावर मला फार खटकलं होतं. आता मी त्याला हात लावत नाही. झाड त्याने मरत नाही, ती पानं फाल्गुनात गळून जातात, आणि फवारा मारला तर फुलांवरच्या मधमाश्या आधी जातील. काही फुलपाखरांच्या अळ्याही याच पानांवर वाढतात. पान डागाळलेलं असलं तरी खालची सावली तेवढीच गार असते.

एका बाबतीत माझं जुनं मत कायम आहे. पिकाच्या बांधावर करंज नको. त्याची मुळं आडवी पसरतात, त्यांना धुमारे फुटतात आणि मग शेजाऱ्याशी भांडण होतं. बांधाला कडुनिंब बरा. करंज द्यावा शाळेला, देवळाच्या आवाराला, एसटीच्या थांब्याला, ओढ्याच्या काठाला, जिथे माणसं आणि गुरं दुपारी टेकतात. गुरं त्याच्या पाल्याला सहसा तोंड लावत नाहीत. शेळ्यांचा भरवसा नाही, म्हणून दोन वर्षं बोरी-बाभळीच्या काट्यांचं कुंपण करावं. चैत्र-वैशाखात वाळलेल्या शेंगा झाडाखाली पडलेल्या असतात. त्या वेचून ठेवाव्यात आणि मृगाचा पहिला चांगला पाऊस झाला की बोटाच्या पेराएवढं खोल बी टोकावं.