कळूनही न लिहिण्याची कला

अमेरिकेतल्या रुग्णांचे चार्ट पुण्यात बसून कोड करताना आधी अंगी बाणवावी लागते ती न कळल्यासारखं वागण्याची शिस्त. वजन भरपूर, रक्तदाब चढलेला, सिग्नलला गाडी थांबली की डुलकी, आणि बायकोची तक्रार : झोपेत यांचा श्वास अडकतो. एवढं वाचलं की निदान दिसतंच. ऑब्स्ट्रक्टिव्ह स्लीप ॲप्निया, म्हणजे झोपेत घसा बंद होऊन श्वास अडकणं, कोड जी४७.३३. पण डॉक्टरांनी ‘सस्पेक्टेड’ लिहिलं असेल, तर ओपीडीच्या चार्टला तो कोड लागत नाही. तिथे लक्षणंच लिहायची, घोरण्याला आर०६.८३ आहे. उलट रुग्णालयात दाखल झालेल्याच्या डिस्चार्जच्या वेळी हाच शब्द अंतिम निदानात असला, तर आजार आहे असं धरून कोड लावायचा.

नव्या मुलांना हा काथ्याकूट वाटतो. पण ट्रकचालकाच्या वैद्यकीय तपासणीत झोपेच्या आजाराबद्दल विचारतात. नुसत्या संशयाचं निदान करून टाकलं, तर ते त्याच्या रोजीरोटीशी जाऊन भिडतं.

निदान पक्कं झालं तरी कोड सगळं सांगत नाही. तासाला सरासरी किती वेळा श्वास थांबतो किंवा उथळ होतो, तो आकडा म्हणजे एएचआय. पाचपासून आजार सौम्य, १५ पासून मध्यम, ३० च्या पुढे तीव्र. झोपेत श्वासमार्ग उघडा ठेवणाऱ्या सीपॅप मशीनचे पैसे देताना मेडिकेअर, म्हणजे अमेरिकेचा सरकारी आरोग्यविमा, हाच आकडा बघतं : १५ किंवा अधिक, नाहीतर ५ ते १४ आणि सोबत दिवसा झोप येणं, उच्च रक्तदाब असं काही. जी४७.३३ मात्र सहालाही तोच आणि साठलाही तोच.

खरी कसोटी क्वेरी लिहिताना. नोटमध्ये नुसतं ‘स्लीप ॲप्निया’ असेल, तर हाती उरतो जी४७.३०, म्हणजे प्रकार अनिर्दिष्ट. डॉक्टरांना विचारायचं, पण उत्तर सुचवायचं नाही. ऑब्स्ट्रक्टिव्ह, सेंट्रल, अन्य, सांगता येत नाही : सगळे पर्याय सारख्याच वजनाने मांडायचे. मनातला पर्याय ठळक करायचा मोह होतोच. मग हार्ट फेल्युअरचा एखादा रुग्ण येतो, चांगला घोरणारा. मी बिनदिक्कत घशाकडे बोट दाखवलं असतं. डॉक्टरांचं उत्तर येतं, ‘सेंट्रल’. घसा उघडाच असतो, श्वास घ्यायचा हुकूमच मेंदूकडून सुटत नाही. असं एक उत्तर आलं की पुढे कितीतरी दिवस चारही पर्याय लिहायचा कंटाळा येत नाही.