एक लाख वीस हजार

कर्नाटक सरकारच्या लेखी गरिबीची हद्द वर्षाला 1 लाख 20 हजार रुपयांवर संपते. कुटुंबाचं उत्पन्न त्याच्या आत असेल तर बीपीएल कार्ड आणि त्या कार्डावर अन्नभाग्य योजनेचा तांदूळ. महिन्याच्या हिशेबाने दहा हजार. बंगळुरूत अकुशल कामगाराचं किमान वेतनसुद्धा याहून जास्त आहे. म्हणजे मालकाने कायद्याप्रमाणे पगार दिला, की त्याचा कामगार कागदावर गरीब उरतच नाही.

बंगळुरूच्या शिवाजीनगरात, रसेल मार्केटच्या मागच्या गल्ल्यांत, महिना दहा हजारांत राहणारं कुटुंब मला अजून दाखवायचं कुणी. भाडं, गॅस आणि पोरांच्या फिया यांतच ते उडतात. तरीही त्या गल्ल्यांत घरोघरी बीपीएल कार्ड आहे. हे रेशन दुकानदाराला माहीत आहे, नगरसेवकपदाच्या प्रत्येक इच्छुकाला माहीत आहे, आणि उत्पन्नाचा दाखला देणाऱ्या नाडकचेरीतही माहीत आहे. सगळ्यांनी मिळून वर्षानुवर्षं सांभाळलेलं हे खोटं आहे. ते उघडकीला येतं तेव्हा मात्र एकट्या कार्डधारकाच्या नावावर चढतं.

माझ्या ओळखीच्या एक मावशी आहेत. भावसार घरातल्या, घरात मराठी, दारात कन्नड, बाजारात दखनी. कमर्शियल स्ट्रीटवरच्या दुकानांसाठी साड्यांना फॉल लावून, पिको करून देतात. लग्नसराईत आणि रमजानच्या महिन्यात रात्री दोन-दोन वाजेपर्यंत मशीन चालतं. आषाढात मुहूर्तच नसतात, तेव्हा मशीनवर कापड टाकून ठेवलेलं. हिशेब म्हणाल तर भिंतीवरच्या कालनिर्णयात. त्या त्या तारखेच्या चौकटीत बॉलपेनने साड्यांची संख्या, दुकानाचं एक अक्षर, आणि पैसे मिळाले की वर काट. काट न मारलेल्या चौकटी बऱ्याच असतात. या कॅलेंडरवरून वार्षिक उत्पन्न काढा म्हटलं तर चार्टर्ड अकाउंटंटही डोकं धरून बसेल.

उत्पन्नाच्या दाखल्याच्या अर्जात मात्र त्यासाठी एकच रकाना असतो. तो मावशींनी भरलाच नव्हता. टायपिंगच्या टेबलावर बसणाऱ्या एजंटाने मान वर न करता तिथे चाळीस हजार लिहिले आणि अंगठ्यासाठी शाई पुढे केली. मावशींना सही येते, ती त्यांनी केली. त्या दाखल्यावर आरडी नंबर छापून आला आणि दाखला पाच वर्षांसाठी वैध झाला. ज्या बाईला पुढच्या महिन्यात किती साड्या येतील ते सांगता येत नाही, तिचं पुढच्या पाच वर्षांचं उत्पन्न सरकारने असं ठरवून टाकलं.

मग मुलगा मोठा झाला आणि घरपोच सामान पोहोचवण्याच्या कामाला लागला. कंपनी त्याच्या पैशातून एक टक्का टीडीएस कापते. वर्षाचे दीड-दोन हजार होतात. ते परत मिळवायचे तर रिटर्न भरावं लागतं, म्हणून त्याने भरलं. कर शून्य, आणि कापलेले पैसे खात्यात परत. पोराने रीतसर, सरळ मार्गाने केलेलं या घरातलं हे पहिलं सरकारी काम असेल. 2024 सालच्या नोव्हेंबरात कर्नाटकात बीपीएल कार्डांची छाननी झाली, तेव्हा त्याच रिटर्नवरून हे घर करदात्यांच्या यादीत गेलं आणि कार्ड एपीएल, म्हणजे दारिद्र्यरेषेच्या वरचं, झालं. रिटर्न भरणं वेगळं आणि कर भरणं वेगळं, हा फरक यंत्राला कुणी शिकवला नव्हता. राज्यभर अशी ओरड झाली. मुख्यमंत्री सिद्धरामय्या आणि अन्नमंत्री मुनियप्पा यांना सांगावं लागलं, की करदाते आणि सरकारी नोकर सोडून बाकीच्यांची कार्डं पूर्ववत होतील.

गंमत पुढेच आहे. गृहलक्ष्मीचे महिना दोन हजार मावशींना मिळत राहिले, कारण त्या योजनेत बाई स्वतः किंवा तिचा नवरा कर भरत असेल तरच अडतं. मुलाचं रिटर्न तिथे कुणी विचारत नाही, आणि एपीएल कार्डही चालतं. एकाच घरात, एकाच सरकारच्या नजरेत, त्या तांदळापुरत्या श्रीमंत आणि दोन हजारांपुरत्या गरजू ठरल्या.

पण त्यांना भीती वेगळीच होती. ‘मागचा तांदूळ परत मागतील काय रे?’ असं त्यांनी मला विचारलं. प्रश्न वेडगळ नव्हता. जुलै 2023 पासून दीड वर्षाहून अधिक काळ अन्नभाग्यच्या जादा पाच किलो तांदळाच्या बदल्यात किलोला 34 रुपये दराने माणशी 170 रुपये थेट खात्यात येत होते. खाल्लेला तांदूळ कोण मोजणार, पण बँकेतली नोंद कुठे जात नाही. बीपीएल कार्ड बाळगणाऱ्या सरकारी नोकरांकडून कर्नाटकात दंड वसूल झालेला आहे, हेही गल्लीत सगळ्यांना ठाऊक होतं.

महाराष्ट्रातल्या वाचकांनी हसू नये. तिथे अन्नसुरक्षेच्या रेशनसाठी शहरातल्या कुटुंबाची मर्यादा वर्षाला 59 हजार आहे, खेड्यात 44 हजार. पिवळ्या कार्डाची जुनी अट तर वर्षाला 15 हजारांची. 2024 मध्ये महिना दीड हजारांची लाडकी बहीण योजना आली, वार्षिक उत्पन्नाची अडीच लाखांची अट आली, आणि पिवळं-केशरी कार्ड असेल तर उत्पन्नाचा दाखलाच नको असंही ठरलं. निवडणूक तोंडावर होती, अर्ज धडाधड मंजूर झाले. जून 2025 पासून 26 लाखांवर लाभार्थ्यांचे हप्ते थांबवून पडताळणी सुरू झाली. यादीत सरकारी नोकरीतल्या बायका निघाल्या आणि चौदा हजारांवर पुरुषही निघाले. पगार खात्यात येत असताना दीड हजारांसाठी अर्ज करणाऱ्याबद्दल मला काडीची सहानुभूती नाही. त्याच्याकडून व्याजासकट घ्या. पण त्याला आणि फॉल लावणाऱ्या बाईला एकाच शब्दात ‘अपात्र’ म्हणणं मला पटत नाही.

चुकून जास्त गेलेला पैसा परत घ्यावा का, यावर आपल्या सर्वोच्च न्यायालयाने विचार केलेला आहे. पंजाब सरकार विरुद्ध रफिक मसीह या खटल्यात, डिसेंबर 2014 मध्ये, न्यायालयाने सांगितलं की तृतीय आणि चतुर्थ श्रेणीचे कर्मचारी, निवृत्त झालेले किंवा वर्षभरात होणारे, पाच वर्षांहून जास्त काळ जादा रक्कम मिळालेले, अशांकडून वसुली करू नये. वसुली फार जाचक होत असेल तरीही नको. मूळ विचार असा, की चूक देणाऱ्याची होती आणि घेणाऱ्याने काही लपवलं नव्हतं. 2016 मध्ये जगदेव सिंग प्रकरणात त्याला मुरड बसली: जादा मिळालं तर परत करीन असं लिहून दिलं असेल तर परत करावं लागेल. हे सगळं पगारदार आणि पेन्शनर यांच्यासाठी आहे. रेशन कार्डावरच्या बाईसाठी असे पाच नियम कुणी लिहिलेले नाहीत. तिच्या अर्जाच्या तळाशी मात्र ‘वरील माहिती खोटी आढळल्यास’ हे वाक्य न चुकता छापलेलं असतं.

ऑस्ट्रेलियाने दिलेल्या भत्त्यांच्या वसुलीचा प्रयोग यंत्रावर सोपवून पाहिला. रोबोडेट नावाच्या योजनेत कर खात्याकडच्या वर्षाच्या उत्पन्नाची पंधरवड्यांत सरासरी काढली आणि ‘तुम्ही उत्पन्न लपवलंत’ म्हणून चार लाखांहून जास्त लोकांना वसुलीच्या नोटिसा धाडल्या. हंगामी काम करणारा माणूस प्रत्येक पंधरवड्यात सारखं कसं कमावेल, हे कुणाच्या डोक्यात आलं नाही. 2019 मध्ये ते बेकायदा ठरलं, पैसे परत करावे लागले, आणि 2023 मध्ये चौकशी आयोगाने सरकारची लाज काढली. मावशींचं कॅलेंडर त्या यंत्रात घातलं असतं, तर आषाढातही त्यांच्या नावावर साड्या निघाल्या असत्या.

सप्टेंबर 2025 मध्ये शिवाजीनगरचं नाव दोन राज्यांत गाजलं. मेट्रो स्टेशनला सेंट मेरीचं नाव देण्याची शिफारस करू, असं सिद्धरामय्या म्हणाले आणि फडणवीसांनी आक्षेप घेतला. नाव महत्त्वाचं आहे, नाही कोण म्हणतो? पण त्या स्टेशनपासून चालत जाण्याच्या अंतरावर दहा हजारांची मर्यादा लोकांना दाखल्यागणिक खोटं बोलायला लावते, त्यावर दोघांपैकी एकाचंही विधान माझ्या वाचनात नाही.

मर्यादा किमान वेतनाच्या वर न्या. वसुली करायचीच तर आधी कार्डधारक बाईला नोटीस द्या, तिच्या भाषेत, आणि तिचं म्हणणं ऐकून घ्या. हे सरकारला. वाचकांना एवढंच, की तुमच्या ओळखीत असं डिलिव्हरीचं काम करणारं पोर असेल तर रेशन जाईल या धास्तीने त्याला टीडीएसवर पाणी सोडू देऊ नका. रिटर्न भरू द्या, आयकर खात्याकडून येणाऱ्या 143(1)च्या सूचनापत्राची प्रत काढून ठेवायला सांगा. देय कर शून्य, असं त्यात छापलेलं असतं. कार्ड गेलंच, तर अन्न खात्याच्या कचेरीत तो कागद कामाला येतो.